कांद्याचा भाव एआय सांगेल म्हणे. मग ८ डिसेंबर कोण सांगणार होतं?

निफाडकर
विदावान यांचा परवाचा लेख वाचला. भाव म्हणजे अर्थशास्त्र, साठवण म्हणजे अभियांत्रिकी, निर्यात म्हणजे परराष्ट्र धोरण. तिन्हींचा विदा (डेटा) एका मॉडेलला घातला की माल कधी विकायचा ते शेतकऱ्याला कळेल, असं त्यांचं म्हणणं. इथवर ठीक. पण शेवटी लिहिलंय, "शेतकरी भावनेच्या भरात विकतो म्हणून बुडतो." त्या एका वाक्यासाठी हा धागा.

७ डिसेंबर २०२३, गुरुवार. शेजाऱ्याची लाल कांद्याची पिकअप क्विंटलला छत्तीसशेने सुटली. आमचा कांदा खळ्यावर होता, पात कापायला बायका लावलेल्या, अजून एका दिवसाचं काम बाकी. रात्री निर्यातबंदीचा आदेश निघाला, शुक्रवारपासून लागू. लिलाव बंद पडले. सुरू झाले तेव्हा आमचा माल अठराशेला गेला. लाल कांदा आहे, टिकत नाही; उन्हाळ नाही की कांदाचाळीत साठवून वाट बघावी. यात भावना कुठे आली?

ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य. डिसेंबरात बंदी. मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात शुल्क २० टक्के. शून्यावर यायला १ एप्रिल २०२५ उजाडलं. वीस महिन्यांत सहा वेळा नियम फिरला. पाऊस, आवक, मागचे भाव, काय वाट्टेल ते घाला मॉडेलमध्ये. आमचे अठराशे रुपये दिल्लीतल्या एका कागदाने नेले.

विदावान
वाक्य चुकीचं होतं, मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

तुम्ही दिलेली यादीच माझ्या बाजूची आहे. सप्टेंबर २०१९ ला बंदी, सप्टेंबर २०२० ला बंदी, मग २०२३. दर वेळी आधी शहरात किरकोळ भाव चढलेत. हे अवकाळी पावसासारखं अचानक येत नाही, याला ठरलेला क्रम आहे. २०२३ ला तर शुल्क, मग किमान मूल्य, मग बंदी असं पायरीपायरीने झालं. "पुढच्या तीस दिवसांत बंदीचा धोका मोठा" एवढं जरी नोव्हेंबरात मोबाइलवर आलं असतं, तरी तुम्ही दोन मजूर जास्त लावून माल आधी काढला असता.

आणि हे स्वप्नरंजन नाही. २०२५ च्या खरिपात एआय वापरून केलेला मॉन्सूनचा अंदाज केंद्र सरकारने ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना एसएमएसने पाठवला. मॉन्सून मध्येच थबकणार, हे त्यात आधी आलं होतं.

अर्थपिपासू
विदावान, पावसाला अंदाज वाचता येत नाही. बाजाराला येतो. सगळा घोळ इथे आहे.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ रॉबर्ट लुकासने १९७६ मध्ये हेच मांडलं: धोरण बदललं की लोकांचं वागणं बदलतं, आणि जुन्या वागण्यावर बसवलेलं मॉडेल निकामी होतं. तुमचा एसएमएस नाशिक जिल्ह्यात सगळ्यांना एकाच दिवशी पोचला तर दुसऱ्या दिवशी बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागतील आणि बंदी यायच्या आधीच भाव कोसळेल. शिवाय तोच अंदाज दिल्लीतल्या मंत्रालयाच्या टेबलावरही जाणार. भाव चढणार असं दिसलं की ते पंधरा दिवस आधीच शुल्क लावतील.

उरणकर
मी निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करतो. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा जाहीर कार्यक्रमात म्हणाल्या की स्वयंपाक्याला कांदा न घालता रांधायला सांगितलंय. सभागृह हसलं. मी ज्यांच्याशी रोज फोनवर बोलतो ते ढाक्याचे खरेदीदार हसत नव्हते. त्या साली त्यांनी तुर्कस्तान, इजिप्तहून विमानाने कांदा आणला. भरवसा एकदा गेला की पुढच्या वर्षी भाव दोन रुपये कमी करूनही तो माणूस परत येतोच असं नाही.

खेळातली मुत्सद्देगिरी यंत्राला जमलीय, मान्य. मेटा कंपनीच्या सिसेरो या एआयने २०२२ मध्ये 'डिप्लोमसी' या वाटाघाटींच्या पटखेळात पहिल्या दहा टक्के खेळाडूंत जागा मिळवली. पण त्या खेळाचे नियम डाव चालू असताना बदलत नाहीत.

येवलेकर
तुम्ही सगळे विदा विदा करताय. तो येतो कुठून?

२०२३ च्या वसंतात भाव पडले म्हणून राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान काढलं. अट काय, तर सातबाऱ्यावर मोबाइलने केलेली कांद्याची नोंद हवी. आमच्या शिवारात टेकडी आडवी येते, बांधावर रेंज मिळत नाही. वडील फोन घेऊन तीन दिवस लिंबाखाली उभे राहिले. फोटो चढला नाही, मुदत गेली. सातबाऱ्यावर आधीच्या हंगामाचं सोयाबीन तसंच. कांदा विकल्याच्या पावत्या हातात, आणि कागदावर आम्ही कांदा लावलाच नाही! विदावान, तुमच्या मॉडेलमध्ये माझं सोयाबीन आहे.

विदावान
म्हणूनच उपग्रह लागतो.

येवलेकर
सेंटिनेल या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. आमचा कांदा बारा गुंठ्यांचा, शेजारी लसूण, बांधाला मका. त्या बारा ठिपक्यांतले बांधावरचे सरमिसळ झालेले. त्यातून क्षेत्र काढणार, क्षेत्रातून उत्पादन आणि उत्पादनातून भाव?

पुणेरी वाचक
अवांतर आवरा. धागा भावाच्या अंदाजाचा आहे.

येवलेकर
अवांतर कसं? पायाच कच्चा आहे हे सांगणं अवांतर?

निफाडकर
त्यांना बोलू द्या. आमच्याही गटात अशी चुकीच्या नोंदीची चार खाती आहेत.

विदावान
म्हणजे रेंज नाही म्हणून काहीच करायचं नाही? दर वर्षी रस्त्यावर कांदा ओतायचा आणि दिल्लीच्या नावाने ओरडायचं, हा उपाय आहे का?

निफाडकर
रस्त्यावर ओततो तेव्हा काढणी, बारदान, गाडीभाडं सगळं आमच्या अंगावर पडलेलं असतं. भावात भाडं सुटत नाही म्हणून ओततो. हौस नाही. जीभ आवरून लिहा.

सिन्नरचा फिटर
दोघेही थांबा. भावाचं सोडा, चाळीचं बोला. तिथे यंत्र खरंच कामाला येतं.

गेल्या उन्हाळ्यात मेहुण्याच्या चाळीत आम्ही सहा ठिकाणी तापमान-आर्द्रतेचे सेन्सर बसवले, सडीचा वास धरणारा वायू-सेन्सर एक. पन्नास फुटी चाळ, उन्हाळ कांदा. जुलैत पावसाची झड लागली आणि पश्चिमेच्या कप्प्यात आर्द्रता चढली ती उतरेचना. वरून कांदा कोरडा खडखडीत. हात घातला तर खाली काजळी धरलेली, दोन-चार पिचके. तेवढा कप्पा फोडला, निवड केली, चांगला माल लगेच विकला. एरवी पाणी खाली गळायला लागल्यावरच कळतं, तोवर शेजारचे दोन कप्पे गेलेले असतात. लासलगावच्या विकिरण केंद्रातून कांदा काढला तर कोंब येत नाहीत, पण सड थांबत नाही. सड आधी कळणं हीच कमाई.

निफाडकर
आमच्या आईला चाळीच्या दारातूनच वास येतो.

सिन्नरचा फिटर
येत असेल. पन्नास फुटांत कोणत्या कप्प्यातून येतोय ते कळतं का?

निफाडकर
नाही कळत. तीही दोन-तीन कप्पे उघडून बघते.

अर्थपिपासू
फरक बघा. सड अंदाज वाचून वागणं बदलत नाही. म्हणून इथे यंत्र चालतं.

विदावान
अर्थपिपासूंचा मुद्दा अर्धा मान्य. सगळ्यांना एकच सल्ला दिला तर झुंबड होईल. पण मग अंदाज फक्त मंत्रालय आणि बड्या व्यापाऱ्यांकडे राहू द्यायचा का? ते तर वापरणारच. निदान आदेश काढताना सरकारपुढे जो अंदाज होता तो त्याच दिवशी जाहीर व्हावा, ही मागणी तरी आपण एकत्र करू.

निफाडकर
या मागणीवर सही करतो. बाकीच्या लेखाशी अजूनही असहमत.

फिटरसाहेब, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चाळ भरतोय. सेन्सर लावायला या, खर्च माझा. एकच विचारतो: कुणाच्या चाळीत किती माल आहे, ही माहिती त्या यंत्रातून कुणाच्या मोबाइलवर जाते?

सिन्नरचा फिटर
मेहुण्याची सध्या त्याच्या आणि माझ्या मोबाइलवर येते. कंपनीच्या सर्व्हरवर काय जातं ते विचारलंय, उत्तर आलेलं नाही.

निफाडकर
उत्तर आलं की कळवा. तोवर आई आहे.