मदत हवी: बझरबीटर या ऑनलाइन बास्केटबॉल मॅनेजर गेममध्ये हा पोरगा नक्की कुठे खेळवू? लवकर सांगा, रात्री मॅच आहे

घाईतला_गडी:
मंडळी, ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या निवडीतून) १८ वर्षांचा एक पोरगा मिळालाय. गेम त्याच्यापुढे पीएफ (पॉवर फॉरवर्ड, रिंगजवळ खेळणारा) दाखवतो पण हँडलिंग (बॉल सांभाळणं) बरं वाटलं म्हणून मी पीजीला (पॉइंट गार्ड, बॉल आणून खेळ चालवणारा) लावला, तीन आठवडे झाले तर ना धड बॉल सांभाळतो ना काही वाढतो, परवाच्या मॅचला तर सहा टर्नओव्हर, म्हणजे सहादा बॉल घालवला, आणि लीगमध्ये आम्ही खालून दुसरे. पीजी ठेवू, पीएफ करू की विकून टाकू? प्लीज पटकन.

चहा_बिस्कीट:
उंची? पोटेन्शियल (किती वाढू शकतो)? हँडलिंग "बरं" म्हणजे किती? इथे कोणी ज्योतिषी नाही राव.

घाईतला_गडी:
हँडलिंग ५, पासिंग ३, रिबाउंडिंग (हुकलेला बॉल पकडणं) ७, इनसाइड डिफेन्स ६. पोटेन्शियल ऑलस्टार. उंचीचा काय संबंध, मॅचमध्ये उंची धरतच नाहीत असं वाचलंय.

चहा_बिस्कीट:
मॅचमध्ये नाही धरत, बरोबर. ट्रेनिंगमध्ये धरतात! उंच पोराचे इनसाइडचे स्किल भराभर चढतात, गार्डवाले रडतखडत. बुटक्याचं उलटं. म्हणून विचारलं. आणि नावापुढचं पीएफ म्हणजे आत्ताच्या स्किलवरून गेमने लावलेला अंदाज, तो काही जन्मदाखला नाही.

अण्णा_पोस्टखाली:
आम्ही कॉलेजला खेळायचो तेव्हा मी सगळ्यात उंच म्हणून सरांनी पोस्टखाली उभा केला तो चार वर्षं तिथेच, बॉल हातात घेऊन दोन पावलं टाकली की शिट्टी. पोराला डायरेक्ट सेंटर (रिंगखाली खेळणारा) करा. विचार नको.

तिरका_पास:
अण्णा, उंचीवर सगळं असतं तर चार्ल्स बार्कली १९८ सेंमीचा असून १९८६-८७ ला एनबीएत (अमेरिकेतल्या लीगमध्ये) रिबाउंडिंगमध्ये पहिला आला नसता. आणि १९८० च्या फायनलला लेकर्सचा सेंटर करीम अब्दुल-जब्बार जखमी होता म्हणून मॅजिक जॉन्सन, २० वर्षांचा पॉइंट गार्ड, सेंटरला उभा राहिला आणि ४२ पॉइंट मारले. पोझिशन वगैरे सब झूठ.

अण्णा_पोस्टखाली:
मॅजिक २०६ सेंमी होता हो. उदाहरण तरी बघून द्या.

तिरका_पास:
अवांतर: बार्कलीचं उत्तर द्या की मग.

पगारी_पेशवे:
माझा सल्ला, एसएफ (स्मॉल फॉरवर्ड) करा. सेंटरचे स्किल वाढत गेले की पगार असा चढतो की सीझन बदलला की खेळाडू विकायची पाळी येते. मी विकलेत दोन.

चहा_बिस्कीट:
पेशवे, नवख्याला एसएफ सांगू नका. त्याला आतलं पण लागतं आणि बाहेरचं पण, निम्मं ट्रेनिंग गार्डला खेळवून द्यायचं आणि तोवर मॅच हरत बसायच्या. धागाकर्ते, सध्या ट्रेनिंग कशाचं लावलंय?

घाईतला_गडी:
रिबाउंडिंग. तेच चांगलं आहे ना त्याचं.

चहा_बिस्कीट:
अरे देवा. रिबाउंडिंग लावलंय आणि पोरगा पीजीला?? ट्रेनिंग त्या त्या पोझिशनला खेळलेल्या मिनिटांवर मिळतं, आठवड्याला ४८ मिनिटं भरली की पूर्ण. तुझ्या पोराची सगळी मिनिटं पीजीची, म्हणजे त्याला जवळपास शून्य, आणि तीन आठवडे सगळं ट्रेनिंग खाल्लं ते तुझ्या सेंटरने. त्याचं वय किती?

घाईतला_गडी:
३३

पगारी_पेशवे:
😂😂

तिरका_पास:
म्हाताऱ्याची चंगळ.

चहा_बिस्कीट:
पोराला आज पीएफ किंवा सेंटरला टाक, म्हाताऱ्याला बसव. ब्लोआउटमध्ये (एकतर्फी मॅचमध्ये) मिनिटं कापली जातात, तेवढं बघ. आणि उंची सांग बाबा आता तरी, पुढचं सगळं त्यावर आहे.

ड्राफ्ट_दादा:
कोणाला स्वस्तात शूटिंग गार्ड हवाय का? १९ वर्षांचा आहे. व्यनि करा.

घाईतला_गडी:
१९८ सेंमी. आणि लाइनअप लॉक झाली, पीजीलाच राहिला.

तिरका_पास:
१९८! अण्णा, वाचताय ना?