डॅनियल सिकल्स: दोन दिवसांत कोणती ठिकाणे पाहावीत?

प्रश्न: पुढील महिन्यात मुलीकडे मेरीलँडला जाणार आहे. अमेरिकी यादवी युद्धाविषयी वाचताना न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य आणि पुढे जनरल झालेले डॅनियल सिकल्स यांच्या वादळी आयुष्याने मला अक्षरशः खिळवून ठेवले. हाताशी दोनच दिवस आहेत. त्यांच्याशी निगडित कोणती ठिकाणे पाहावीत?

पहिले उत्तर: सिल्व्हर स्प्रिंगचे आरोग्य व वैद्यक संग्रहालय चुकवू नका. २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या लढाईत सिकल्स यांनी उजवा पाय गमावला. त्या पायाचे हाड त्यांनी स्वतःच लष्करी वैद्यकीय संग्रहालयाकडे पाठवले, आणि पुढे ते पाहायलाही ते जात असत. ते हाड आज येथे आहे.

दुसरे उत्तर: संग्रहालय अवश्य पाहा, परंतु सुरुवात व्हाइट हाउससमोरच्या लाफायेत चौकातून करा, असे मी आग्रहाने सुचवेन. सिकल्स यांचे घर याच चौकात होते. फिलिप बार्टन की हे राजधानीचे सरकारी वकील. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे कवी फ्रान्सिस स्कॉट की यांचे ते चिरंजीव. ते या घरासमोर रुमाल हलवून सिकल्स यांच्या पत्नीला, टेरेसाला, खूण करीत असत. एका निनावी पत्रामुळे हे प्रकरण उघडकीस आले, आणि २७ फेब्रुवारी १८५९ रोजी, रविवारी, सिकल्स यांनी की यांना भर दिवसा गोळ्या घातल्या. एडविन स्टँटन यांच्यासारखे वकील पाठीशी असल्यामुळे आणि तात्पुरत्या वेडाचा बचाव ज्यूरीने मान्य केल्यामुळे ते २६ एप्रिलला निर्दोष सुटले.

मात्र तेथे उभे असताना टेरेसाला विसरू नका. लग्न झाले तेव्हा ती जेमतेम सोळा वर्षांची होती आणि नवरा तिच्या दुप्पट वयाचा. त्याने स्वतः एका वेश्येला न्यूयॉर्कच्या विधानसभेत नेले होते, आणि तरीही हत्येच्या आदल्या रात्री कबुलीजबाब लिहून द्यावा लागला तो तिला. न्यायालयाने तो पुराव्यात घेतला नाही; वृत्तपत्रांनी मात्र छापला. पुढे सिकल्स यांनी तिला पुन्हा घरात घेतले, तेव्हा खून पचवणारा समाज त्या समेटावर संतापला. १८६७ मध्ये, तिशीतच, ती गेली.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. पहिला दिवस लाफायेत चौकासाठीच ठेवते. तो जबाब वाचण्याची काही सोय आहे का?

दुसरे उत्तर: लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्या काळची वृत्तपत्रे विनामूल्य वाचता येतात. एप्रिल १८५९ चे अंक चाळा, आणि शक्य झाल्यास निघण्यापूर्वीच वाचून घ्या.