तंबोऱ्यातला गंधार खरा, की आपल्या डोक्यातला?

तंबोरा_नवखा
राम राम मंडळी. वय ४१, मुक्काम सांगली, दीड वर्षापासून गाणं शिकतोय (हसू नका, बायकोचं हसून झालंय). मागच्या वर्षी मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोरा बघायला गेलेलो. कारागीर चाचांनी घोडीवरनं (तारा टेकतात ती पट्टी) कानस फिरवली, तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली (म्हणजे तार झणझणत राहील अशी केली), नुसता खर्ज छेडला आणि विचारलं, गंधार येतोय का कानावर? मी म्हटलं चाचा तारा चार, एक पंचम (प), दोन जोड (मधला सा), एक खर्ज (खालचा सा), ह्यात गंधार, म्हणजे ग, आणायचा कुठनं? ते हसले आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळले.

तंबोरा घरी आणला. रोज सकाळी अर्धा तास छेडत बसायचो, नुसती भुणभुण. आणि चारेक महिन्यांनी एक दिवस चहा निवत होता आणि गंधार असा समोर येऊन बसला की मी वळून बघितलं, शेजारी कोण पेटी वाजवतंय का. आता तो घालवतो म्हटलं तरी जात नाही.

तार तीच, कान तेच. बदललं ते डोकं. म्हणून माझं म्हणणं असं की आपण जग ऐकत नाही, मेंदू आपल्याला ते ऐकवतो. तो बसलाय कवटीच्या अंधारात, बाहेरनं त्याला मिळतात नुसते विजेचे ठोके, त्यावरनं तो अंदाज बांधतो आणि त्या अंदाजालाच आपण जग म्हणतो. हेल्महोल्ट्झ नावाचा जर्मन शास्त्रज्ञ हे १९व्या शतकातच सांगून गेलाय, की बघणं-ऐकणं म्हणजे नकळत काढलेलं अनुमान. थोडक्यात माझा गंधार माझ्या मेंदूनं रचला. पटत नसेल तर बोला.

वजनकाटा
नाही पटत. आमची हळदीची अडत आहे. हळकुंड मोडलं की कडक टक् असा धातूसारखा आवाज आला तर माल चांगला वाळलाय, दबका आला तर ओल आहे. आमच्या वडिलांना हे पोत्यापाशी उभं राहून कळतं, मला कळायला सहा-सात वर्षं गेली. आता तुझ्या हिशोबानं तो टक् माझ्या मेंदूनं रचला. मग समोरचा व्यापारी, ज्याचा माझा मेंदू वेगळा, घर वेगळं, आणि जो माझ्याशी रोज भांडतो, तो बरोबर त्याच पोत्याला दोनशे कमी का बोलतो? ओल पोत्यात आहे लका, डोक्यात नाही. मी शिकलो म्हणजे काय, जे आधीपासनं होतं ते मला आता ऐकू यायला लागलं.

भडंग_आणि_चहा
जग मेंदूत असतं हे आज कळलं. उधारी पण मेंदूतच का? कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला सांगून बघतो.

तंबोरा_नवखा
@वजनकाटा तुम्ही दोघं एकाच बाजारात शिकलाय, दोघांचा अंदाज सारखाच घडला. ह्यानं माझं म्हणणं खोटं ठरत नाही.

वजनकाटा
आणि ओलावा मोजायचं मशीन? ते पण आमच्याच बाजारात शिकलं का?

आज्जी_विश्रामबाग
मी ह्यातली नव्हे पण एक सांगते. आमचा नातू अमेरिकेत जन्मला, आता नऊ वर्षांचा आहे, दर दोन वर्षांनी येतो. त्याला 'वाट' आणि 'वात' ह्यातला फरक कळत नाही. म्हणजे बोलता येत नाही ते सोडा, ऐकूच येत नाही! मी दोन्ही शब्द हळू हळू म्हणून दाखवले, एकदा देवापुढची वात दाखवून, एकदा दाराबाहेरची वाट दाखवून, तर म्हणतो आज्जी तू सेमच म्हणतीयेस. मला वाटलं चेष्टा करतोय. मग रडायलाच लागला. आता ट आणि त तर किती लांबचे. हा फरक जगात आहे की आमच्या मराठी कानात, हे तुम्हीच सांगा.

अभ्यासू_पोरगी
आज्जी, तुमच्या नातवावर तर चक्क प्रयोग झालेला आहे 🙂 म्हणजे त्याच्यासारख्यांवर. (मी कुपवाडची, पुण्यात मानसशास्त्रात एमए करतेय.) कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी हिंदीतले ट आणि त घेऊन इंग्रजी घरातल्या बाळांना ऐकवले, १९८४ चा पेपर आहे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत तो जवळजवळ गेला. म्हणजे नातू जन्मला तेव्हा त्याला वाट-वात दोन्ही वेगळे ऐकू येत असणार, पण घरात आणि शेजारी त्या फरकावाचून कुणाचं अडत नाही म्हटल्यावर मेंदूनं तिकडं लक्ष द्यायचं सोडलं. आपण शिकणं म्हणजे भर पडणं समजतो, बाळाचा मेंदू पहिल्या वर्षात बरंच काही टाकूनही देतो.

आणि वजनकाटा दादा, तुम्ही जे म्हणताय ते १९५५ साली जेम्स आणि एलिनॉर गिब्सन ह्या नवराबायकोनं नीट मांडलंय. त्यांचा प्रश्न असा, की शिकल्यावर जास्त कळतं ते आपण बाहेरून आलेल्यात पदरचं काही घालतो म्हणून, का बाहेर आधीच असलेलं बारीक वेगळं काढायला लागतो म्हणून? ते दुसऱ्या बाजूचे. हळदीच्या बाजूचे म्हणा.

वजनकाटा
बघा. नवराबायकोचं एकमत झालंय म्हणजे बरोबरच असणार.

गावभागातला
मी जरा वेगळं सांगतो, विषयाला धरून आहे का बघा. २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोका पातळी ४५ ची, म्हणजे आमच्या गावभागात काय झालं असेल विचार करा. मी चौथ्या दिवशी बोटीतनं आमच्याच गल्लीत गेलो, आईची औषधं वरच्या मजल्यावर राहिलेली म्हणून. जन्मापासनं त्या गल्लीत राहतोय, डोळे झाकून चालत जाईन, आणि बोटीत बसल्यावर मला आमचं घर सापडेना. खालचे कट्टे, पायऱ्या, दुकानाच्या पाट्या, कोपऱ्यावरचा डांब, सगळं पाण्याखाली, वर नुसते पत्रे आणि गॅलऱ्या, आणि मी त्या गॅलऱ्या कधी नीट बघितल्याच नव्हत्या की ओ. बोटवाला पोरगा मला विचारतोय काका कुठं वळू आणि मी गप्प. घाबरलो नव्हतो, पाणी दोन दिवस बघतच होतो. पण आपली गल्ली अनोळखी होते म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. शेवटी आमच्याच गच्चीवरची निळी टाकी दिसली तेव्हा सगळं एकदम जागेवर बसलं, म्हणजे डोक्यात खट् झालं जणू.

तेव्हापासनं मला नवख्याचं थोडं पटतं. मी इतकी वर्षं गल्लीतनं चालत नव्हतो, गल्लीच्या नकाशातनं चालत होतो.

अभ्यासू_पोरगी
काका, वाचून अंगावर काटा आला. तुमचा नकाशा हा नुसता बोलायचा शब्द नाहीये. जॉन ओकीफनं १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात अशा पेशी दाखवल्या की उंदीर खोलीत ठराविक जागी आला की ठराविक पेशी ठोके देते, दुसऱ्या जागी दुसरी. २००५ मध्ये नॉर्वेतल्या मोझर जोडप्यानं शेजारच्या भागात जमिनीवर षटकोनी जाळी आखल्यासारख्या ठोके देणाऱ्या पेशी दाखवल्या, २०१४ चं नोबेल तिघांना मिळून. खोलीतल्या खुणा पुरेशा बदलल्या की जागेच्या पेशींची मांडणीच बदलते, जणू दुसरी खोली. तुमच्या डोक्यात त्या दिवशी नेमकं काय झालं ते मी छातीठोक सांगणार नाही, पण उंदराला बोटीत बसवलं असतं तर तोही गप्पच बसला असता.

वजनकाटा
पुराच्या गोष्टीवर वाद घालायचा नव्हता, आमच्या पण दुकानात पाणी होतं. पण काका, पाणी ओसरल्यावर गल्ली तिथंच होती ना? चुकला तो नकाशा. नकाशा चुकला असं म्हणता येतं तेच मुळी गल्ली बाहेर आहे म्हणून.

गावभागातला
गल्ली तिथंच होती. चिखल काढायला तीन आठवडे लागले, त्यामुळं त्याबद्दल शंका नाही.

रिटायर्ड_मास्तर
(३१ वर्षे भौतिकशास्त्र शिकवले.) धागाकर्ते, आपला गंधार आपल्या मेंदूने रचलेला नाही. तो तारेतच आहे. आपण खर्ज काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावता असे धरू, म्हणजे सुमारे ६९.३ हर्ट्झ. तार नुसती तेवढीच हलत नाही, तिच्यात दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी कंपनेही असतात : १३८.६, २०७.९, २७७.२, ३४६.५. तिप्पट तो पंचम, चौपट तो षड्ज आणि पाचपट तो आपला स्वयंभू गंधार. फोनवर स्पेक्ट्रमचे फुकट ॲप टाकून खर्ज छेडा, ३४६ च्या आसपास शेंडा दिसेल. पेटीचा त्याच सप्तकातला गंधार मात्र ३४९ च्या जवळ येतो, म्हणून पेटीवर कान तयार झालेल्याला तंबोऱ्याचा गंधार किंचित उतरलेला वाटतो.

आपण हेल्महोल्ट्झ यांचे नाव घेतले म्हणून सांगतो. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम असा की तार जिथे छेडाल तिथे ज्या कंपनाचा स्थिर बिंदू असेल ते कंपन उमटत नाही. आपल्या सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास दाखवले की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, कारण घोडीचा पसरट बाक आणि तंबोऱ्यात जवारीचा दोरा. चाचांची कानस काय करत होती ते यावरून समजावे. जवारी हा भास नव्हे, सुतारकाम आहे.

वजनकाटा
मास्तर 🙏🙏 धागा बंद करा आता.

तंबोरा_नवखा
ॲप टाकलं. शेंडा आहे. ३४६ आणि ३४७ च्या मध्ये हलतोय. सकाळपासनं जरा नाराज आहे खरं सांगायचं तर, म्हणजे माझंच उदाहरण माझ्यावर उलटलं. चार महिने मी बहिरा होतो एवढंच सिद्ध झालं.

रिटायर्ड_मास्तर
नाराज होऊ नका, आता दुसरी बाजू. तोच खर्ज रेकॉर्ड करून फोनच्या स्पीकरवर ऐका. खर्ज ऐकू येतो ना? फोनचा स्पीकर नखाएवढा, ६९ हर्ट्झ ऐकू येईल असे त्याच्याकडून हलतच नाही. वरची कंपने येतात, त्यांच्यातले अंतर प्रत्येकी ६९, आणि त्यावरून आपल्याला न आलेला खर्ज ऐकू येतो. जुन्या लँडलाईनवर ३०० हर्ट्झच्या खालचे काही पोचत नसे आणि पुरुषाचा आवाज तर शंभर-सव्वाशेच्या आसपास. तरी वडिलांचा फोन आला की घोगरा आवाज ऐकून आपण उभे राहत होतो.

तंबोरा_नवखा
एक मिनिट एक मिनिट. म्हणजे ज्या गंधारावर मी संशय घेतला तो खरा आणि ज्या खर्जावर जन्मात संशय घेतला नाही तो फोनवर नसतोच?

भडंग_आणि_चहा
सासऱ्यांचा फोन उचलताना आता हे आठवणार. घोगरेपणा माझा मीच बनवतोय म्हणायचं आणि उचलायचा.

वजनकाटा
थांबा की जरा. मास्तर मी बारावी सायन्स आहे, ६९-६९ च्या अंतराची कंपनं एकत्र केली तर ती लाट सेकंदाला ६९ वेळाच परत परत येणार ना? मग ६९ बाहेर आहेच की. शेंडा नसेल, पण ठेका आहे. कान तो ठेका मोजतो. रचलं कुठं?

रिटायर्ड_मास्तर
बरोबर. हा मुद्दा मी मांडायला हवा होता.

अभ्यासू_पोरगी
पण ह्याच्यावर उत्तर आहे आणि मला ते फार आवडतं. १९७२ मध्ये हाउट्समा आणि गोल्डस्टाइन यांनी हेडफोन लावून फक्त दोन कंपनं ऐकवली, एक डाव्या कानात, दुसरं उजव्या कानात. आता कुठल्याच कानात तो ठेका नाही, एकेका कानात नुसता एक साधा सूर. तरी संगीताचा कान असलेल्या लोकांना खालचा नसलेला सूर ओळखता आला. दोन्ही कानांचं एकत्र येतं ते मेंदूतच, म्हणजे हा हिशोब तिथंच झाला. दादा, इथं तुमचं पोतं कुठाय?

वजनकाटा
... रात्री विचार करून सांगतो.

वजनकाटा
(दुसऱ्या दिवशी) विचार केला. मेंदू तो सूर कुठल्या सवयीनं काढतो? आजवर जिथं जिथं अशी वरची कंपनं आली तिथं खाली खरी तार, खरा गळा होता म्हणूनच ना? म्हणजे उधारीच, पण जुन्या गिऱ्हाईकाची. बाहेर कधी काही नसतं तर मेंदूला हा हिशोब आलाच नसता. मी ह्याच्या पुढं सरकणार नाही.

अभ्यासू_पोरगी
ही सवय लागते कशी, त्याचं एक उदाहरण पवन सिन्हा यांच्या प्रकाश नावाच्या उपक्रमातलं आहे. जन्मापासून दिसत नसलेल्या ८ ते १७ वयाच्या पाच मुलांवर भारतात शस्त्रक्रिया झाल्या. पट्टी निघाल्यावर हातानं चाचपलेली वस्तू त्यांना नुसत्या नजरेनं ओळखता येईना. हाताचं जग आणि डोळ्याचं जग जुळलेलंच नव्हतं. पण थोड्याच दिवसांत जमायला लागलं. मॉलिन्यू नावाच्या माणसानं १६८८ साली जॉन लॉक ह्या इंग्रज तत्त्वज्ञाला पत्रातनं हाच प्रश्न विचारलेला. आता ह्यात जुळणी मेंदूनं रचली म्हणा, किंवा वस्तू एकच होती म्हणून जुळली म्हणा. मी स्वतः नवख्या दादांच्या बाजूला थोडी जास्त आहे, पण परीक्षेत दोन्ही लिहीन.

आज्जी_विश्रामबाग
म्हणजे त्या मुलांना थोड्या दिवसांत जमलं. नातू मे महिन्यात येतोय. रोज दहा वेळा वाट-वात ऐकवते, रडवणार नाही.

तंबोरा_नवखा
अपडेट. काल वजनकाट्याला मिरजेला घेऊन गेलो. चाचांनी खर्ज छेडला. पुढचं त्यानंच सांगावं.

वजनकाटा
नुसती भुणभुण. पंधरा मिनिटं. मग चाचांनी तोंडानं गंधार धरला, बारीक, आणि मधेच सोडून दिला, आणि आयला तो चालूच राहिला तारेत. आता प्रश्न असा की तो होता म्हणून ऐकू आला का चाचांनी सांगितला म्हणून. मास्तर म्हणतात होता. मी पण तेच म्हणणार, पण पहिल्यासारखं जोरात नाही. येताना नवख्याला आमच्या गोडाऊनात नेलं आणि दोन पोत्यांतली हळकुंडं मोडून ऐकवली.

तंबोरा_नवखा
मला दोन्ही टक् च.

वजनकाटा
चार महिने ये रोज. चहा आमचा.