मालकाचे राजकारण पटत नसेल, तर त्याचा माल घेणे सोडावे का?

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी)

रात्री चणे भिजत घालायचे राहून गेले की आमच्या घरी सकाळी गोया कंपनीचा काबुली चण्यांचा डबा उघडला जायचा. जुलै २०२० मध्ये या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रॉबर्ट उनानुए यांनी व्हाइट हाउसमधील कार्यक्रमात, ट्रम्प यांच्यासारखा नेता लाभला हे देशाचे भाग्य आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यावर एका बाजूने बहिष्काराची हाक दिली गेली, तर दुसऱ्या बाजूच्या लोकांनी मुद्दाम डबे विकत घेऊन गरजूंसाठी दिले. तेव्हापासून माझी मुलगी तो डबा घरात येऊ देत नाही. मलाही ते उद्गार पटले नव्हते; पण स्पेनहून आलेल्या एका जोडप्याने १९३६ साली उभी केलेली ही कंपनी एका माणसाच्या वक्तव्यासाठी टाकून द्यावी का, आणि गोदामात काम करणाऱ्यांचा त्यात काय दोष, याचे उत्तर मला तिला नीट देता आलेले नाही. आपण हे कसे ठरवता?

पहिले उत्तर (आंबेगाव, जि. पुणे)

खरेदी आणि राजकारण यांचा संबंध नाही, असे निदान आमच्या तालुक्यात तरी कोणी म्हणणार नाही. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात परदेशी कापडाची मालमोटार अडवताना प्राण गमावलेले गिरणी कामगार बाबू गेनू हे आमच्या महाळुंगे पडवळचे. मात्र त्या वेळचा विरोध एखाद्या व्यापाऱ्याच्या मताला नव्हता. ज्या व्यापारामुळे येथील विणकर देशोधडीला लागला, तोच व्यापार परक्या सत्तेला पोसत होता, म्हणून कापडाच्या गाठी अडवल्या गेल्या. मीही हीच कसोटी लावतो: माझ्या पैशातून कोणावर अन्याय होत असेल, तर तेथे एक रुपयाही देऊ नये, मालकाचे केवळ मत वेगळे असेल, तर त्याच्याशी वाद घालावा आणि माल घ्यावा.

दुसरे उत्तर (सांगली जिल्हा)

माझे किराणा दुकान आहे, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. एका निवडणुकीत कार्यकर्त्यांनी आमच्या दुकानावर झेंडा लावला आणि वडिलांना नाही म्हणता आले नाही, कारण लहान गावात नाही म्हणणे हीसुद्धा भूमिकाच ठरते. वीस वर्षांचे एक गिऱ्हाईक त्या दिवसापासून यायचे थांबले. त्यांची अकराशे रुपयांची उधारी होती. ती त्यांनी मुलाच्या हाती पोचती केली, पण स्वतः पायरी चढले नाहीत. वडिलांनी वहीतले ते पान कितीतरी दिवस उलटले नव्हते. माल घेणे थांबवण्याचा हक्क प्रत्येकाला आहेच, तरी त्याआधी दुकानदाराला एकदा समोरासमोर विचारावे, एवढीच माझी विनंती आहे.

तिसरे उत्तर (ठाणे)

पहिल्या उत्तरातील कसोटी मला मान्य आहे, पण मत आणि पैसा इतके वेगळे राहत नाहीत, कारण मोठ्या कंपन्यांचे मत बहुधा देणगीच्या रूपानेच व्यक्त होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये कोणत्या कंपनीने किती रोखे घेतले व ते कोणत्या पक्षाकडे गेले, हे लोकांसमोर आले. तोपर्यंत ज्या ग्राहकाला आपला पैसा शेवटी कोठे जातो हेच कळत नव्हते, त्याने कोणती कसोटी लावायची होती? किराणा दुकानावरचा झेंडा सर्वांना दिसतो आणि कोट्यवधींची देणगी दिसत नाही, म्हणून शिक्षा नेहमी लहान दुकानदारालाच होते, ही मला यातील सर्वांत अन्यायकारक गोष्ट वाटते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. इकडे केंद्रीय निवडणुकांतील उमेदवारांना दोनशे डॉलरपेक्षा जास्त देणगी देणाऱ्यांची नोंद सर्वांना पाहता येते, हे मला ठाऊक असूनही मी ती कधी उघडली नव्हती. शनिवारी मुलीसोबत बसून पाहणार आहे.