कौलं काढून पत्रा घालायचा का? जुन्या घराच्या छपराबाबत मदत हवी आहे

मंडळी, राजापूर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि खळं, मागे न्हाणीघर नि विहीर. मी ठाण्याला असते. घरी काकू, चुलतभाऊ आणि वहिनी असतात. शिमग्याला गेले तेव्हा घरात एकच विषय चालू होता. दादा म्हणतो, यंदा कौलं उतरवायची आणि रंगीत पत्रा घालायचा. माझं मन होत नाही. पण नुसतं 'नको' म्हणून भागणार नाही. दुसरा मार्ग दाखवायला हवा, आणि तोही मृग लागायच्या आत.

दादाची बाजू आधी सांगते, कारण त्याचं काही चुकत नाही. खरा त्रास वानरांचा आहे. परसातला फणस आता छपराच्या वर गेलाय. त्याच्या फांदीवरून दहा-बारा वानरांचा कळप स्वयंपाकघरावर उड्या घेतो, तिथून पडवीवर, आणि पुढे जास्वंदीच्या कळ्या खायला खळ्यात. एका फेरीत पाच-सात कौलं जातात. काही सरळ फुटतात, ती तरी कळतात. ज्यांना नुसती चीर जाते ती पाऊस सुरू होईपर्यंत कळत नाहीत. गेल्या वर्षी साधारण ७० कौलं बदलावी लागली. छपराला एकूण १८०० च्या आसपास लागतात.

आणि पाऊस आमच्याकडचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. काकूला प्रत्येक गळती पाठ आहे. माजघरात तिसऱ्या वाशाखाली पितळी पातेलं, झोपाळ्याच्या कडीजवळ घंगाळ, देवघराच्या उंबऱ्यापाशी जुना डालड्याचा डबा. प्रत्येक भांड्यात ती एक जुनं फडकं घालून ठेवते. त्यामुळे पाणी उडत नाही आणि रात्रभर टपटप ऐकू येत नाही. रात्री दोनदा उठून ती भांडी उपसते. तिला ६८ वर्षं झाली. मी याबद्दल बोलले तर म्हणाली, "अगो बायो, सवय झालीय." पण वहिनीने तिथेच मला विचारलं, "ताई, कौलं तुम्हाला आवडतात, पण पावसात इथे कोण असतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हवाय तो या प्रश्नाचाच तोडगा. काकूला रात्री उठावं लागू नये, आणि कौलंही राहावीत.

कौलं का राहावीत तेही सांगते. मे महिन्यात दुपारी बाराला माजघरात पंख्याशिवाय झोपता येतं. शेजारच्या वाडीत दोन घरांनी पत्रा घातला, तिथे दुपारी बसवत नाही आणि पाऊस आला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. स्वयंपाकघरात एक काचेचं कौल आहे. त्याचा उजेडाचा चौकोन सकाळी चुलीवर असतो, सरकत सरकत जात्यावर आला की काकू भाताचं आधण ठेवते. तिने घड्याळ कधी बघितलेलं मला आठवत नाही. फुटलेली कौलं उलटी केली तर काहींच्या पाठीवर बासेल मिशनचा छाप आणि १८६५ हा आकडा आहे. लहानपणी मला ते घर बांधल्याचं साल वाटायचं. ते या मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे. इतक्या पावसाळ्यांनंतरही ते कौल हातात घेऊन टिचकी मारली की खणखणीत वाजतं.

आता अडचणी. पहिली, शाकारणीला येणारे आबा आता थकले. छपरावर चढून, खाली रीप कुठे आहे ते ओळखून नेमका तिथेच पाय ठेवणारा तो शेवटचा माणूस. आता जी मुलं येतात ती पाच कौलं बदलताना आठ फोडतात. दुसरी, न्हाणीघरामागे जुन्या कौलांची थप्पी होती, त्यातली ४० उरलीत. बाजारातून नवीन आणली तर खाच जुळत नाही. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा, आणि खाच बसली नाही तर तिथूनच पाणी आत येतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा घाईत मिसळ कौलं चढवली, आज गळती नेमकी तिथेच जास्त आहे.

तिसरी अडचण पश्चिमेच्या भिंतीची. माझ्या वडिलांनी हौसेने आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं. त्याआधी चुन्याचा गिलावा होता आणि भिंत पावसात ओली झाली तरी दिवाळीपर्यंत सुकायची. आता ओल आत कोंडते, पांढरा खार फुटतो आणि प्लास्टर पापड्यांसारखं सुटतं. भिंतीच्या माथ्यावर जिथे वाशांची टोकं टेकतात तिथे वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या. दोन वाशांना स्क्रू-ड्रायव्हर लावला तर बोटभर आत गेला. स्वयंपाकघरातले वासे मात्र धुराने काळे झालेत आणि टणक आहेत.

तर विचारायचंय ते असं. कुणी छपरावर मासेमारीचं जुनं जाळं पसरून वानरांपासून कौलं वाचवलीत का? कौलं ठेवून त्यांच्या खाली पत्रा घालता येतो असं ऐकलंय, तो अनुभव कुणाला आहे? जुन्या वाशांना ते वजन झेपेल का? सिमेंट खरवडून परत चुना करणारे गवंडी आता मिळतात का? आणि फणस? तो तोडायला कुणीच तयार नाही, मीसुद्धा नाही.

प्रतिसाद वाचून भर घालते आहे (दोन आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शनिवार-रविवार गावी जाऊन आले, त्यामुळे उत्तराला उशीर झाला.

फणसाबद्दल ज्यांनी सांगितलं, की झाड न तोडता छपरावर आलेल्या फांद्या तेवढ्या उतरवा, ते केलं. दोन मोठ्या फांद्या गेल्या, त्यावरच्या कुयऱ्यांची भाजी वाडीभर वाटली. वानरं पूर्ण थांबली नाहीत, आता ती पोफळीवरून येतात, पण स्वयंपाकघरावरची थेट उडी बंद झाली. त्या बाजूला दोन आठवड्यांत एकच कौल फुटलं.

जाळं पडवीवर लावून बघितलं. वानरांना पाय अडकेल अशी भीती वाटते, ती त्यावर उतरत नाहीत हे खरं. पण जाळ्याखाली पातेरा, म्हणजे वाळलेली पानं, अडकतो. काढायला परत छपरावर जावं लागतं, आणि पावसात तोच पातेरा कुजून पाणी उलटं चढवेल असं दादाचं म्हणणं आहे. मला ते पटतं. पावसाआधी जाळं काढणार.

कौलाखाली पत्रा घालण्याबद्दल ज्यांनी सविस्तर लिहिलं त्यांचं म्हणणं मी दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. रिपा थेट पत्र्यावर आडव्या मारल्या तर चिरलेल्या कौलातून आलेलं पाणी प्रत्येक रिपेला अडून बसतं आणि लाकूड कुजवतं. म्हणून आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा, म्हणजे पाणी पत्र्यावरून सरळ पागोळीपर्यंत वाहून जातं. हे कुणीच आम्हाला सांगितलं नव्हतं. तालुक्याच्या ठेकेदाराने जो अंदाज दिला त्यात उभ्या पट्ट्यांचा पत्ताच नव्हता. दादा दहा मिनिटं गप्प बसला आणि मग स्वतःच कागदावर आकृती काढू लागला.

ठरलंय ते एवढं. यंदा फक्त माजघर आणि ओटीवर खाली पत्रा, वर आपलीच कौलं. स्वयंपाकघराला हात लावायचा नाही, कारण चुलीचा धूर कौलांच्या फटीतूनच बाहेर जातो, आणि काकूचं काचेचं कौलही तिथेच आहे. पडवीवरची मिसळ कौलं उतरवून तिथे पत्रा जाईल, दादाचंही मन राखायला हवं. त्यातली जी एकाच साच्याची निघतील ती थप्पीत जमा होतील. पोखरलेले दोन वासे बदलून किंजळीचे घालायचे आणि सगळ्या टोकांना डिंबेल लावायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डिंबेल म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल. हाताला लागलं तर कातडी सोलते, म्हणून हातमोजे घालूनच. जमिनीतून भिंतीत येणाऱ्या वाळवीचं काम वेगळं आहे, ते माहितगाराकडूनच करून घेणार.

पश्चिमेची भिंत दिवाळीनंतर. आत्ता सिमेंट खरवडलं तर चुना सुकायला वेळ मिळणार नाही हा सल्ला बरोबर वाटला. यंदा त्या बाजूला झापांची, म्हणजे विणलेल्या झावळ्यांची, झड बांधायची. आमच्या लहानपणी ती दर वर्षी बांधली जायची आणि मग कधीतरी बंद पडली. वहिनीच्या आईला झाप विणता येतात, त्या चार दिवस राहायला येणार आहेत.

आता एकच गोष्ट अडलीय. राजापूर, लांजा किंवा पाचलच्या बाजूला कौलं न फोडता उतरवून परत चढवणारी दोन-तीन माणसं कुणाला माहीत आहेत का? आबा खाली खळ्यात खुर्ची टाकून बसायला आणि सांगायला तयार आहेत. मजुरी, येण्याजाण्याचा खर्च आणि दोन वेळचं जेवण आमच्याकडे. काम मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत उरकायला हवं. कुणाच्या घरी अलीकडे असं काम झालं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.