नुसत्या धाडींनी भागणार नाही

औषधदुकानांवर धाडी घातल्या की विद्यार्थ्यांमधील नशेच्या औषधांचा प्रश्न मिटेल, असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. धाडी हव्यातच, नशेसाठीही घेतली जाणारी ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. पण लातुरात नीटच्या शिकवणीसाठी येऊन राहिलेला मुलगा त्या गोळीपर्यंत पोहोचतो कसा, हे धाडीतून कळत नाही. आमच्या वसतिगृहातील एका मुलाच्या गादीखाली कोडीन हे नशा आणणारे द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. त्याला खोकला नव्हताच. सराव परीक्षांचे गुण घसरल्यापासून त्याची झोप उडाली होती, छातीत धडधडत असे आणि औषध घेतले की तेवढ्यापुरते शांत वाटे. सोयाबीन विकून फी भरणाऱ्या वडिलांना हे सांगण्याचा त्याला धीर झाला नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी व्यसनाबरोबर त्याच्या नैराश्यावरही उपचार सुरू केले, तेव्हाच फरक पडू लागला.

पालक पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात, म्हणून आवर्जून सांगतो: त्याच अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील अमली पदार्थाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती शासकीय अथवा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते, मात्र ते उपचार पूर्ण करावे लागतात. मुलाने अजून काहीच घेतलेले नसेल, पण तो जेवेनासा, बोलेनासा झाला असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, मोफत, रात्री-अपरात्रीही समुपदेशकाशी बोलता येते.