मदत हवी आहे: ताकाचे पाऊच फुगताहेत, बॉल व्हॉल्व्हमध्ये लगदा सापडला

मंडळी, विट्याजवळ माझं छोटं दूध युनिट आहे. ५०० लिटरच्या वॅटमध्ये (तापवायच्या टाकीत) दूध ६३ अंशांवर अर्धा तास धरतो, थंड करून तिथंच विरजण लावतो, सकाळी घुसळून ताक पाऊचमध्ये. गेले तीन आठवडे पाऊच दुसऱ्या दिवशी फुगताहेत. आधी विरजणावर संशय घेतला, बदललं. मग पॅकिंगच्या पोरावर, बिचाऱ्यानं फुकट बोलणी खाल्ली.

परवा वैतागून वॅटच्या तळाचा दोन इंची बॉल व्हॉल्व्ह (आतला भोकाचा गोळा फिरवून उघडतो तो) खोलला. दूध जातं ते भोक आरशासारखं चकचकीत. पण गोळा बाहेर काढल्यावर बॉडीच्या खोबणीत श्रीखंडासारखा पिवळट लगदा! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सीआयपी (काही न खोलता आतून धुणं) रोज होतं: आधी पाणी, मग दीड टक्का कॉस्टिक सोडा ७५ अंशांला वीस मिनिटं, परत पाणी. बोअरचं पाणी जड आहे, तरी नायट्रिक ॲसिड फिरवणं आठवण झाली तरच, खोटं कशाला बोलू.

फिटर म्हणतो, ब्लीच भरून रात्रभर ठेवा. ठेवू का? की सरळ बटरफ्लाय व्हॉल्व्ह (गोळ्याऐवजी चपटं पातं फिरतं तो) बसवू? आणि क्रीमच्या लाइनला बटरफ्लायच आहे, पण त्याचं ईपीडीएम रबर दोन महिन्यांत फुगतं आणि हँडल दोन हातांनी ओढावं लागतं. हे असंच असतं का?

प्रतिसाद:
दादा, ब्लीच अजिबात नको. क्लोरीन रात्रभर राहिलं की स्टीलला बारीक खड्डे पडतात, मग घाण तिथंच बसते.

बॉल व्हॉल्व्ह उघडा-बंद करताना गोळ्यातलं दूध मागच्या खोबणीत शिरतं. सीआयपी करताना तो पूर्ण उघडा असतो, मग कॉस्टिक भोकातून सरळ निघून जातं. बदलेपर्यंत रोज खोलून ब्रशने घासा. बटरफ्लाय बराच बरा, पण त्याचंही हँडल सीआयपीत चारपाच वेळा हलवायचं, नाहीतर रबर आणि पातं टेकतात तिथली कड तशीच राहते. नायट्रिक मात्र आठवड्याला ठरवून. जड पाण्याचा पांढरा थर कॉस्टिकने निघत नाही.

ईपीडीएमला फॅट चालत नाही, म्हणून ते फुगतं. क्रीमला फूड ग्रेड नायट्राइल रबर घ्या.

आता माझा प्रश्न. वॅटच्या तळापासून व्हॉल्व्हपर्यंत पाइपचा तुकडा किती लांब आहे? त्यातल्या दुधाला जॅकेटची (वॅटभोवतीच्या गरम कवचाची) ऊब लागत नाही, स्टररही पोचत नाही. वॅट ६३ वर असतो तेव्हा ते दूध कच्चंच, जंतू जिवंत. तुम्ही त्याच वॅटमध्ये विरजण लावता!

धागाकर्ता:
आत्ता टेप लावून आलो. नऊ इंच. वॅट तापलेला असताना त्या पाइपला हात लावला, खुशाल धरता येत होता. तुकडा कापून व्हॉल्व्ह थेट तळालाच क्लॅम्पवर बसवायला उद्या वेल्डर बोलावलाय, बटरफ्लायही सांगितलाय. वेल्ड आतून घासून पॉलिश करायला सांगू ना?

प्रतिसाद:
सांगाच. आणि बोट फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.